वाचवलेल्या मिनिटांतले तीनशे टॉवेल

शुक्रवार पेठ, सोलापूर
शुक्रवार, जेवणाच्या सुट्टीत

तीर्थरूप सौ. विजयमालाताईच्या चरणी धाकट्या मानसिंगचा दंडवत. दाजींनाही माझा नमस्कार सांग, पण पत्र पूर्ण वाचून झाल्यावर सांग, आणि कागद त्यांच्या हाती पडू देऊ नकोस. का ते पुढे येईलच.

तुझा गुडघा आता कसा आहे? मांडवाच्या गडबडीत तू पुन्हा जिना चढउतार करत असणार, हे मला इथे बसून दिसतं. दाजींची साखर किती आली? घरात बुंदी पाडायला आचारी बसला आहे म्हटल्यावर ती किती आली असेल याचा अंदाज मी केलेला आहे, तो लिहीत नाही. संस्कृतीला मामाचे अनेक आशीर्वाद. इकडे मी खुशाल आहे. ऊन असं आहे की डांबरावर चप्पल चिकटते, पण कारखान्यात छप्पर आहे आणि पंखा आहे (पंखा फिरत नाही, पण आहे).

मुद्द्याचं आधी सांगतो. संस्कृतीच्या लग्नातले आहेराचे तीनशे टॉवेल बुधवारच्या मुहूर्ताआधी माळशिरसला पोचतील. प्रत्येकावर तिचं आणि ऋतुराजरावांचं नाव असेल, आणि ते छापलेलं नव्हे, विणलेलं असेल. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. ते दोनदा वाच, घोटभर पाणी पी, आणि मग खाली ये.

हे सारं फोनवर का सांगितलं नाही म्हणशील. तुमच्याकडे फोन वाजला की दाजी तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवतात, आणि मग मांडववाले, आचारी आणि शेजारच्या हुसेनबी काकी असे सगळे मिळून माझ्याशी बोलतात. व्हॉट्सअॅपवर लिहावं तर ते तुला संस्कृतीच वाचून दाखवते. म्हणून कागद. आपला टेम्पोवाला गौस आज संध्याकाळी माळशिरसमार्गे नातेपुत्याला माल घेऊन निघतोय. हे पाकीट ताईच्याच हातात द्यायचं, वाटेत कोणी कितीही चहा पाजला तरी, अशी त्याला ताकीद आहे.

तर महेश्वरशेठच्या कारखान्यात मी डिझाइनचं काम बघतो हे तुला माहीत आहे. (दाजी लोकांना सांगतात, "मेव्हणा कंप्युटरवर बसतो", आणि त्यात सगळा जोर बसण्यावर असतो.) टॉवेलच्या काठावर जे नाव यायचं ते मी कंप्युटरवर काढतो. ते एका मेमरी कार्डावर उतरवतो. ते कार्ड मागाच्या डोक्यावरच्या डब्यात घातलं की माग त्यातली एकेक ओळ वाचून विणतो. आता अडचण अशी की प्रत्येक मागाला एकच कार्ड आहे. ते मागाच्या कंपनीने दिलेलं, दुसरं त्याला चालत नाही, आणि ती कंपनी केव्हाच बंद पडली. म्हणजे कार्ड लिहायला माझ्या टेबलावर आलं की माग तिकडे उभा. आणि एक डिझाइन कार्डावर उतरायला किती वेळ लागायचा? अकरा मिनिटं! दिवसातून आठनऊ वेळा नाव बदलायचं, म्हणजे दीड तास माग नुसता उभा. इतकी वर्षं सगळे म्हणायचे, असंच असतं ते. मला ही 'असंच असतं' म्हणणारी माणसं आवडत नाहीत, त्यांच्याबरोबर डबा खावा लागतो ही गोष्ट वेगळी.

असं का असतं ते मी शोधून काढलं. तुला पाटीवरून सांगतो. समज, एका पाटीवर चाळीस ओळी मावतात, पण तिला अशी खोड आहे की एखादी ओळ पुसून बदलता येत नाही. बदलायची तर अख्खी पाटी पुसायची आणि सगळ्या ओळी पुन्हा लिहायच्या. मेमरी कार्ड तसंच असतं. आणि आमचा जुना ड्रायव्हर (म्हणजे कंप्युटर आणि कार्ड यांच्यामध्ये निरोप पोचवणारा एक प्रोग्राम) इतका प्रामाणिक होता की हातात एक ओळ आली की पाटी पुसून सगळी लिहायचा, दुसरी आली की पुन्हा पुसून पुन्हा लिहायचा. चाळीस ओळींसाठी चाळीसदा पुसणं. मग अकरा मिनिटं लागणार नाहीत तर काय? शिवाय पुसून पुसून कार्ड झिजतं ते निराळंच.

मी ठरवलं की नवा ड्रायव्हर लिहायचा. तो आलेल्या ओळी आधी कंप्युटरच्या चालू स्मरणात गोळा करेल, चाळीस जमल्या की पाटी एकदाच पुसेल आणि एकदम लिहील. याला कॅशिंग म्हणतात. ऐकायला सोपं आहे. ते जमवायला मला एक वर्ष आणि सात महिने लागले. पुस्तकं वाचली, परदेशातल्या अनोळखी माणसांना माझ्या इंग्रजीत प्रश्न विचारले (त्यातल्या एकाने उत्तर दिलं की प्रश्न समजला नाही), भंगारात काढलेल्या मागांची दोन कार्डं कायमची मारली, आणि महेश्वरशेठना ती उंदराने नेली असं सांगितलं. पण सोडलं नाही. माझा डिप्लोमा अर्धा राहिला, तुमच्या शेतातला गोबरगॅस अर्धा राहिला, आणि "मानसिंगचं शेवटचं टोक कायम लोंबकळत असतं" हे दाजींचं वाक्य साऱ्या भावकीत झालेलं आहे. म्हणून हे एक काम शेवटापर्यंत न्यायचंच असं मी मनाशी घेतलं होतं. दाजी टॉवेल अकलूजच्या दुकानातून घेणार होते, आणि तू "टॉवेल माझा भाऊ करील" म्हणून अडून बसलीस, ते मला कळलं आहे. तू मला सांगितलं नव्हतंस, पण कळलं.

तर मागच्याच्या मागच्या शनिवारी ड्रायव्हर चालू केला. अकरा मिनिटांचं काम चाळीस सेकंदांत! महेश्वरशेठनी आपलं घड्याळ कानाला लावून पाहिलं. नारळ फुटला, पेढे आले, कंप्युटरला हळदकुंकू लागलं (कीबोर्डात कुंकू गेलं, 'क' अजून अडकतो). आणि सोमवारी नव्या ड्रायव्हरवर पहिलं मोठं काम लावलं ते आपल्या संस्कृतीच्या टॉवेलांचं.

आता इथे शिवप्पाची ओळख करून द्यायला हवी. शिवप्पा आमचा मागाचा फिटर, अक्कलकोटच्या पलीकडचा. कानडी शाळेत शिकलेला, मराठी फक्कड बोलतो पण वाचत नाही. त्याची वर्षानुवर्षांची रीत अशी की स्क्रीनवर हिरव्या रंगात 'पूर्ण' आलं की त्याने कार्ड खस्सकन ओढायचं आणि मागाकडे पळायचं. जुन्या ड्रायव्हरच्या वेळी त्यात काही बिघडत नव्हतं, कारण तो 'पूर्ण' म्हणायचा तेव्हा खरोखर पूर्ण झालेलं असायचं. माझा ड्रायव्हर मात्र ओळी हातात आल्या की 'पूर्ण' म्हणून मोकळा व्हायचा. मीच त्याला तसं शिकवलं होतं, लवकर दिसावं म्हणून. शेवटची पाटी अर्धीच भरलेली असली तर ती उरलेली भरण्याची वाट बघत तो बिचारा बसून राहायचा. मी इतके महिने एकटा तपासत होतो तेव्हा हे कधी दिसलं नाही, कारण मी शहाण्यासारखा आधी प्रोग्राम बंद करायचो आणि मग कार्ड काढायचो, आणि बंद होताना तो उरलंसुरलं लिहून टाकायचा. शिवप्पा काही बंदबिंद करत नाही. त्याने ओढलं.

परिणामी कार्डावर वरच्या ओळी संस्कृतीच्या लग्नाच्या उतरल्या, आणि खालच्या ओळी आधीच्या कामाच्या होत्या तशाच राहिल्या. आधीचं काम होतं होटगीच्या रेल्वेतल्या एका गृहस्थांच्या निरोप समारंभाचं. ताई, पाणी प्यायलीस ना? टॉवेलांवर असं विणलं गेलं: वरती 'शुभविवाह', त्याखाली 'चि. सौ. कां. संस्कृती', त्याखाली 'आणि', आणि त्याखाली 'श्री. कोंडीबा गेनू खरात, सेवानिवृत्त पॉइंट्समन, होटगी, यांना पुढील आयुष्यासाठी हार्दिक शुभेच्छा'.

असे तीनशे.

तू म्हणशील की कोणी बघितलं कसं नाही. पहिला टॉवेल उलगडून वाचायचा आणि मगच बाकीचे लावायचे हा कारखान्याचा नियम आहे, आणि तो वाचण्याचं काम माझं आहे. त्या दिवशी माझ्या हातात टॉवेल नव्हता, घड्याळ होतं. चाळीस सेकंदांचे अडतीस करता येतील का हे मी बघत होतो. स्क्रीनवर ऋतुराजरावांचं नाव स्वच्छ दिसत होतं, म्हणून चिठ्ठीवर सही केली. शिवप्पाची चूक नाही, ड्रायव्हरचीही नाही. माझीच आहे, आणि ती मी लेखी देत आहे.

पहिले शंभर गेल्या आठवड्यात मंगळवारी गौसच्या टेम्पोतून तुझ्याकडे रवाना झाले. बुधवारी सकाळी उरलेल्या दोनशेंची शिलाई चालू होती तेव्हा हेमावती माझ्या टेबलाशी आली. ती काठ दुमडून शिवते, आणि तिला मराठी उत्तम वाचता येतं. पदर सावरत, अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "अण्णा, भाचीला दुसरं स्थळ मिळालंच नाही का हो?" मला काही उमगेना. मग ती म्हणाली की सोमवारीच तिने वाचलं होतं, पण घरची गोष्ट, आपण कशाला बोला. माणूस वयाने मोठा असला तरी पेन्शनवाला आहे, पोरगी उपाशी राहणार नाही. दोन दिवस ती बाई मनातून हळहळत टॉवेलामागून टॉवेलाचा काठ शिवत होती आणि तोंडातून अक्षर काढलं नाही! असा सभ्यपणा मी सोलापुरात दुसरीकडे पाहिलेला नाही आणि पुन्हा पाहण्याची इच्छा नाही.

टॉवेल हातात घेऊन वाचला आणि मी मटकन खुर्चीत बसलो. (होय, बसलो. दाजींना हवं तर सांग.) तुझं तोंड डोळ्यांसमोर आलं. भर मांडवात ऋतुराजरावांच्या चुलत्यांच्या खांद्यावर टाकलेला टॉवेल, त्यावर कोंडीबा खरात, आणि सगळे तुझ्याकडे बघताहेत. ताई, मला खरंच भीती वाटली. डिप्लोमा राहिला तेव्हा एवढी वाटली नव्हती.

महेश्वरशेठ वाईट माणूस नाही, पण त्यांचं म्हणणं सरळ होतं: ते तुमचं काय असेल ते काढून टाका आणि जुनं लावा, अकरा मिनिटं तर अकरा मिनिटं. शिवाय लग्नसराईत आठही माग बांधलेले, तीनशे टॉवेल पुन्हा विणायला जागा कुठून आणणार? मी म्हटलं, काढणार नाही. ते म्हणाले, काढाच. मी म्हटलं, शेठ, तुम्ही प्रत्येक बदलाला अकरा मिनिटं माग उभा राहणार असंच धरून चालला आहात ना? मग त्या अकरांतली जेवढी मी वाचवीन तेवढी मला द्या. तेवढ्यात माझ्या भाचीचे टॉवेल विणतो, सूत माझ्या पगारातून घ्या. शेठ म्हणाले, "बारावं मिनिट लागलं की तुमचं टॉवेल ओढून बाहेर टाकणार बघा."

मी आधी ड्रायव्हर सुधारला. आता तो शेवटची अर्धी पाटीसुद्धा कार्डावर लिहितो, लिहिलेलं परत वाचून ताडून पाहतो, आणि मगच 'पूर्ण' म्हणतो. त्यात आठ सेकंद वाढली, वाढू देत. म्हणजे माझं कार्ड लिहायला अठ्ठेचाळीस सेकंद, नंतर गिऱ्हाईकाचं लिहायला अठ्ठेचाळीस. मधे मागावर चार टॉवेल शेजारी शेजारी विणून निघतात, त्यांना बरोबर नऊ मिनिटं. उरतात चोवीस सेकंद. त्यात शिवप्पा पळत येतो, पळत जातो आणि एकदा धडपडतो. बिचाऱ्याने मनाला फार लावून घेतलं आहे. हल्ली तो दोन्ही हात पाठीमागे बांधून स्क्रीनसमोर उभा राहतो आणि 'पूर्ण' आल्यावरही मला विचारतो, "आयतेन्री?" (म्हणजे, झालं का हो?) मी मान हलवली की मगच कार्डाला हात लावतो. आणि प्रत्येक फेरीतला पहिला टॉवेल हेमावती मोठ्याने वाचते, मग मी वाचतो, मग शिवप्पाला वाचून दाखवतो. ऋतुराजरावांचं नाव या कारखान्यात आता इतक्या वेळा घेतलं गेलं आहे की ते आले तर त्यांना इथे कोणी परकं मानणार नाही.

परवा दुपारी कार्ड लिहिणं चालू असताना वीज गेली. माग थांबले, आणि सगळे माझ्याकडे बघताहेत. स्मरणात गोळा केलेल्या ओळी विजेबरोबर जातात हे आता सगळ्यांना पाठ झालं आहे. पण स्क्रीनवर 'पूर्ण' आलेलं नव्हतं, म्हणून त्या कार्डावर कोणी विश्वास ठेवला नाही. वीज आल्यावर ते पुन्हा लिहिलं, वाचलं, बरोबर निघालं. त्या फेरीचे टॉवेल गेले, कारण वेळ गेली. पण चुकीचं काही विणलं गेलं नाही. महेश्वरशेठनी घड्याळ खिशात ठेवलं. त्यानंतर त्यांनी ते माझ्यासमोर बाहेर काढलेलं नाही.

आजपर्यंत दोनशे बावन्न झाले आहेत, घडी घालून माझ्या टेबलाखाली ठेवले आहेत. अठ्ठेचाळीस राहिले, म्हणजे बारा फेऱ्या. उद्या सहा, सोमवारी सहा. रविवारी कारखाना बंद, तेव्हा मी घरी बसून काय करणार कोण जाणे. सगळ्या पाहुण्यांना माझा यथायोग्य नमस्कार, लहानांना पापा, आणि तू जिना कमी चढ.

तुझा
मानसिंग

ता. क. आता खरं काम. गेल्या आठवड्यात मंगळवारी पोचलेला शंभर टॉवेलांचा गठ्ठा तू कोठीच्या खोलीत ठेवला असशील, निळ्या कागदातला, सुतळीने बांधलेला. तो न उघडता गौसच्या हवाली कर. दाजींनी विचारलं तर काठ उसवला म्हणून परत शिलाईला गेला असं सांग. आणि ते उघडायला लागलेच तर तुझा गुडघा दुखतोय असं जोरात म्हण. काही झालं तरी दाजींना कळता कामा नये. हे पत्र केवळ एवढ्यासाठी लिहिलं आहे, वरचं सगळं तू सोडून दिलंस तरी चालेल.

ता. क. दुसरा. सोमवारी संध्याकाळी शेवटचे चार निघतील, मग शिलाई, मग मंगळवारी रात्री मी स्वतः घेऊन येतो. म्हणजे हळदीला मी नसेन. मामा कुठे म्हणून कोणी विचारलं तर कंप्युटरवर बसलाय म्हणून सांग.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात गौस आला. गठ्ठ्याबद्दल त्याला नीट समजावून सांगायला लागलो तर तो डोकं खाजवत म्हणाला, "त्यो गट्टा तर दाजींनी त्याच दिवशी सोडला की. माज्यासमूर." दाजींनी टॉवेल उलगडला, मोठ्याने वाचला, ओट्यावर बसून ठसका लागेपर्यंत हसले, तुला हाक मारून दाखवला, आणि पुन्हा आपल्या हाताने सुतळी बांधली म्हणे. गौसला बजावलं, "त्याला काय बोलू नगं. त्याचं त्याला कळंल, आन कळलं की त्यो केल्याबिगर ऱ्हात न्हाय. अकलूजला टॉवेल सांगायचं न्हाईत." आणि गौसने इतके दिवस खरोखर तोंड उघडलं नाही. म्हणजे ताई, तुलाही ठाऊक होतं. या दिवसांत तू मला चारदा फोन केलास, आणि दर वेळी फक्त एवढंच विचारलंस की जेवलास का.

हे सांगून झाल्यावर गौस चहा प्यायला गेला आणि मी इथे एकटा बसलो आहे. डोळे भरून आले, लपवण्यात अर्थ नाही. माझं मला कळलं की सांगायचा म्हणून दाजींनी त्याच्याकडे असाही निरोप ठेवला होता की हे कोंडीबा खरात कोण, त्यांना लग्नाला बोलावून घ्या. तर होटगीला मी रविवारी जाऊन येतो. पत्रिकेवर त्यांचं नाव तू हाताने लिही, सहकुटुंब, आणि ती गौसच्याच हाती परत पाठव.

टेबलाखाली दोनशे बावन्न कोरे टॉवेल आहेत, पण डोळे मी शर्टाच्या बाहीला पुसले. तिकडे मोजून तीनशे द्यायचे आहेत.